वाचकांचे प्रश्न : बिशपला घालवून दिल्यावरही मंडळी कशी टिकली?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत सेंट लुईस येथे नोकरी करते. तिच्याकडे गेलो असता मिसुरी राज्यातील अल्टेनबर्ग हे लहानसे गाव पाहण्यात आले. जर्मनीहून आलेल्या ल्यूथरन (धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या पंथातील) लोकांनी ते वसवले आणि ज्या बिशपने त्यांना तेथे आणले त्यालाच त्यांनी काही महिन्यांत हाकलून दिले, असे तेथे समजले. मग ही मंडळी मोडली कशी नाही? जुन्या दगडी चर्चमध्ये आता उपासना का होत नाही? आणि आमच्या कोल्हापूरच्या वाइल्डर मेमोरियल चर्चशी या लोकांचे काही नाते आहे का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ज्याने आणले त्यालाच घालवून दिल्यावर आपण मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासक समुदाय, उरतो का, हा प्रश्न त्या लोकांनी स्वतःलाच विचारला होता, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत त्यांची जवळजवळ दोन वर्षे विलक्षण घालमेलीत गेली.

आपण विचारलेले बिशप म्हणजे मार्टिन स्टेफान; ते मुळात जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या ड्रेस्डेनचे पाळक होते. त्या काळी सॅक्सनीतील अनेक पाळक धर्माला केवळ बुद्धीच्या कसोटीवर घासून, सदाचाराचे पाठ तेवढे देत असत; स्टेफान मात्र पाप, क्षमा आणि कृपा यांविषयी जुन्या ल्यूथरन शिकवणीला धरून बोलत, त्यामुळे अपराधाच्या जाणिवेने पिचलेली माणसे आणि विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण पाळक त्यांच्याभोवती गोळा झाले. पुढे त्यांच्यावर चौकशी बसली, त्यांना पदावरून निलंबित करण्यात आले आणि खऱ्या विश्वासाला आता या देशात जागा उरली नाही, असे अनुयायांनी मनाशी घेतले. १८३८ च्या नोव्हेंबरात सुमारे ७०० जण ब्रेमेनहून पाच जहाजांनी निघाले. त्यांतले ‘अमालिया’ हे जहाज पन्नासहून अधिक माणसांसह समुद्रात नाहीसे झाले. त्याचा मागमूसही लागला नाही.

प्रवासापूर्वीच सर्वांनी आपापली पुंजी एका सामाईक खजिन्यात भरली होती. ‘ऑल्बर्स’ जहाजावर असतानाच, १८३९ च्या जानेवारीत, स्टेफान यांनी स्वतःला बिशप म्हणून मान्य करून घेतले आणि मिसिसिपी नदीतून वर जाताना लोकांनी त्यांच्या आज्ञेत राहण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. धर्माचा अधिकार आणि पैशाचा व्यवहार एकाच हाती गेल्यावर विचारणारा कोणी उरत नाही, आणि माझ्या मते या लोकांची खरी चूक येथे झाली. मिसुरीतील पेरी परगण्यात ४,४०० एकरांहून अधिक जमीन घेतली गेली, पण जंगल तोडून घरे उभी राहण्याआधीच खजिना आटत चालला होता. त्याच वर्षी मे महिन्यात काही स्त्रियांनी पाळकांपुढे कबुली दिली आणि स्टेफान यांचे वर्तन उघड झाले. अनैतिक आचरण व पैशाची उधळपट्टी असे ठपके ठेवून त्यांना पदच्युत करण्यात आले आणि होडीत बसवून नदीपलीकडे इलिनॉयच्या काठावर सोडण्यात आले.

त्यानंतरचा काळ अधिक कठीण होता. तापाने माणसे मरत होती, पैसा संपला होता, आणि जे पाळक कालपर्यंत स्टेफान यांची भलामण करत होते त्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यावे की नाही, त्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा मानावा की नाही, हेच कोणाला कळेना. फेझे नावाच्या कायदेपंडिताने मंडळीचे हक्क पाळकांच्या हक्कांहून आधीचे आहेत असे लेखी मांडले आणि निराश होऊन तो मायदेशी परतला. त्याचा मेहुणा मारबाख याचे म्हणणे तर असे होते की, हे स्थलांतरच पाप होते, म्हणून येथे मंडळी नाही, पाळक नाहीत आणि सर्वांनी परत जावे.

त्याला उत्तर दिले ते कार्ल वाल्टर या २९ वर्षांच्या पाळकाने. आजारपणात तो शेजारच्या फ्रोना गावी काइल या पाळकांच्या घरी राहिला होता आणि त्यांच्या ग्रंथसंग्रहातील ल्यूथरचे लेखन त्याने तेथे बारकाईने वाचले होते. १८४१ च्या एप्रिलमध्ये अल्टेनबर्गच्या लाकडी ओंडक्यांच्या शाळेत दोन दिवस जाहीर वाद झाला. वाल्टरने लोकांचा दोष नाकारला नाही. उलट, फेझेचाच धागा उचलून त्याने दाखवून दिले की, जेथे देवाचे वचन आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार आहेत आणि विश्वास ठेवणारे लोक आहेत तेथे मंडळी आहे, तिच्यात चुका शिरल्या असतील तर त्या दुरुस्त कराव्यात, मंडळी विसर्जित करू नये, आणि पाळकाला पाचारण करण्याचा अधिकार त्या लोकांकडेच आहे. मारबाखनेही पुढे त्याचा मुख्य मुद्दा मान्य केला. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे : बिशप गेला, पण मंडळी त्याच्यावर उभी नव्हती हे लोकांना पटले. १८४७ मध्ये शिकागोत मिसुरी सिनॉड हा ल्यूथरन मंडळ्यांचा संघ स्थापन झाला व वाल्टर त्याचा पहिला अध्यक्ष झाला, तेव्हाही सिनॉडने मंडळ्यांना सल्ला द्यावा, हुकूम सोडू नये, असे कलम घालण्यात आले. पोळलेल्या लोकांनी केलेला तो नियम होता.

त्या शाळेविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. पोटाची भ्रांत असताना तरुण पाळकांनी स्वतः झाडे तोडून एका खोलीची ही इमारत बांधली आणि १८३९ च्या डिसेंबरात लॅटिन, ग्रीक, हिब्रू, गणित, इतिहास, संगीत असे विषय शिकवायला सुरुवात केली. तीच संस्था १८४९ मध्ये सेंट लुईसला गेली आणि आज कॉनकॉर्डिया सेमिनरी (पाळक घडवणारे विद्यालय) म्हणून ओळखली जाते.

दगडी चर्चचे म्हणाल तर ते १८४५ चे आहे. मंडळी वाढल्यावर ते अपुरे पडू लागले, म्हणून १८६७ मध्ये सध्याचे मोठे चर्च बांधले गेले आणि जुनी वास्तू शाळेकडे गेली. नदीकाठचे त्यांचे विटेनबर्ग हे गाव मात्र १९९३ च्या महापुरात जवळजवळ पुसले गेले. पुरात बुडालेल्या चिखली गावाची अवस्था पाहिलेल्या कोल्हापूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

वाइल्डर मेमोरियलशी त्यांचे थेट नाते नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांचे काम १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने स्वीकारले. त्या परंपरेत पाळक आणि निवडलेले वडीलजन (एल्डर) मिळून मंडळीचा कारभार पाहतात. मिसुरी सिनॉडचे नेटर आणि मोन हे दोन मिशनरी १८९५ मध्ये भारतात आले, पण त्यांनी काम सुरू केले ते तमिळ मुलखात, कृष्णगिरी येथे.