'टाकून दे' म्हणाल, तर ते टाकूनच देईल

मुंबईतल्या बीकेसीतल्या एका सायबर सुरक्षा कक्षातून प्रश्न आला आहे. तिथे संशयास्पद आयपी पत्ते, डोमेन, फाइलींचे हॅश (म्हणजे फाइल ओळखायचे जणू अंगठ्याचे ठसे) आता कुणी हाताने भरत बसत नाही. अशा प्रत्येक धोक्याच्या खुणेला तिथे 'इंडिकेटर' म्हणतात. एआयच्या साधनाला साध्या भाषेत सांगायचं, ते देखरेखीच्या प्रणालीत नोंद करतं. मंडळी त्याला म्हणतात, "हे इंडिकेटर सिस्टममध्ये टाकून दे." तर 'टाकणे' बरोबर की 'घालणे'? आणि इंडिकेटरला 'निर्देशक' म्हणावं का?

पहिलं झटपट. मीठ घालतात, कचरा टाकतात. पत्र पेटीत टाकतात हे मलाही माहीत आहे, तेवढ्यासाठी मला लिहू नका. पण हिंदीतल्या 'डालना'च्या नादाने मुंबईत हल्ली चहात साखरही टाकतात आणि पोह्यांवर खोबरंही टाकतात, ते ऐकलं की माझं डोकं उठतं. त्यात 'टाकून दे' म्हणजे सरळ फेकून दे. उद्या यंत्राला चांगलं मराठी आलं, तर ते तुमचे इंडिकेटर इमानदारीत फेकून देईल. यादीत घालणे, भरणे, नोंदवणे, काहीही म्हणा.

आता 'निर्देशक'. आपल्या शहरात हा शब्द उच्चारला की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमाचा दिग्दर्शक उभा राहतो, कारण हिंदीत त्याचा अर्थ तोच. नुसतं 'इंडिकेटर' ठेवलं, तर फलाटावर बदलापूर फास्ट लागली का ते बघायला माना वर होतात. परिभाषावाल्यांचं म्हणणं असं की निर्देशक निःपक्ष वाटतो. बरोबर आहे, म्हणूनच तो इथे निकामी आहे. 'दिश्' म्हणजे दाखवणे. बोट दाखवलं की निर्देशकाचं काम संपलं, पुढे खरंखोटं तुमचं तुम्ही बघा.

मला हवा आहे 'सूचक'. तुम्ही म्हणाल, हा तर 'सूचक मौना'तला सोज्वळ शब्द. कसला सोज्वळ! धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'सूच्' धातूचा अर्थ दिला आहे 'पैशुन्ये', म्हणजे चहाडी करणे. अमरकोश त्याच्याही पुढे जातो: 'कर्णेजपः सूचकः स्यात्'. कानाशी लागून कुजबुजतो तो सूचक. 'हा पत्ता बरा नाही, याच्याकडून काही आलं तर सांभाळा' असं प्रणालीच्या कानात सांगणाऱ्या नोंदीला याहून नेमका शब्द आणा, मी माझा मागे घेतो.

आणि खरी मौज कौटिल्याकडे आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, आठव्या अध्यायात, सरकारी पैशाच्या अपहाराची खबर देणाऱ्याला 'सूचक'च म्हटलं आहे. खबर सिद्ध झाली तर रकमेचा सहावा हिस्सा त्याचा. तो पगारी नोकर असेल तर बारावा. आणि सिद्ध झाली नाही तर दंड किंवा शारीरिक शिक्षा! खोट्या अलार्मचा इतका कडक बंदोबस्त आजच्या कुठल्या प्रणालीत आहे? धोक्यांची माहिती एकमेकांना द्यायची 'स्टिक्स' नावाची एक ठरलेली मांडणी आहे, तिच्यात इंडिकेटरला ० ते १०० अशी खात्री जोडता येते, तो कधीपासून ग्राह्य हे लिहावंच लागतं, कधीपर्यंत ते मात्र ऐच्छिक. आयपी पत्ते तर भाडेकरूंसारखे हात बदलतात. तेव्हा मुदत न लिहिलेला सूचक महिन्याभरानंतर भलत्याचीच चहाडी करत बसतो. अहवालातून पत्ते वेचताना एआयने गुगलच्या सार्वजनिक डीएनएसचा (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सेवेचा) ८.८.८.८ हा निरुपद्रवी पत्ताही यादीत घातला, तर कौटिल्याने कुणाला धरलं असतं? माझ्या मते यंत्राला नाही, न वाचता 'हो' म्हणणाऱ्याला.

आता माझी एक लाडकी कल्पना. 'सूचक', 'सूचना', आपलं 'सुचणे' आणि 'सूची' हे सगळं एकच कुटुंब. सूची म्हणजे मूळची सुई. मराठी 'सुई' तिच्यातूनच आली. मग यादीलाही सूची का म्हणायचं? विद्वान म्हणतात, ती दाखवते म्हणून. मला ते पटत नाही. 'ग्रंथ' गाठ मारण्यावरून आला, 'सूत्र' म्हणजे दोरा. पानं दोऱ्यात ओवणाऱ्यांनीच यादीलाही सुईचं नाव दिलं असेल, असं मी धरून चालतो. यावर कोशवाले नाक मुरडतात. मुरडोत. त्यांच्यातल्या कितीजणांनी पोथी बांधताना पाहिली आहे? असो. सूचकांची सूची म्हणजे चहाडखोरांची माळ, हे मला फार आवडतं.

जाता जाता: त्याच कक्षातलं एक टिपण प्रश्नासोबत आलं आहे. एआयनेच मराठी केलेलं. त्यात या नोंदींना 'तडजोडीचे निर्देशक' म्हटलं आहे, इंग्रजी 'इंडिकेटर्स ऑफ कॉम्प्रमाइज'चं शब्दाला शब्द. यंत्रात चोर शिरला, त्यात तडजोड कोणी कोणाशी केली? 'घुसखोरीचे सूचक' लिहा आणि ते टिपण टाकून द्या. इथे 'टाकून द्या' बरोबर आहे.