खाण्याच्या विकारांच्या सपोर्ट ग्रुपमध्ये आजारच आपली ओळख होऊन बसतो का?

होऊ शकतो. माझी धाकटी बहीण दादरला अशा गटात जायची. घरी ज्याला 'नखरे' म्हणायचो, त्याला तिथे ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा आजार) हे नाव होतं. भरलेला डबा तसाच परत आणल्याचं सांगितलं तरी कुणी हसत नसे. मोठा दिलासा होता तो.

पण 'आपण सगळ्या सारख्याच' यात खोच आहे. कोण जास्त आजारी, अशी मुकी चढाओढ लागते; बरं होणं म्हणजे मैत्रिणी सोडणं वाटू लागतं. म्हणून वजन-कॅलरीच्या आकड्यांना बंदी हवी, बऱ्या झालेल्या एक-दोघीही हव्यात. तिची समुपदेशक 'मी ॲनोरेक्सिक' म्हणू देत नसे, 'मला ॲनोरेक्सिया आहे' म्हणायला लावी. (मला तेव्हा हा शब्दच्छल वाटला होता.)

मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ मात्र लागतातच. आजच बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही.