सारा कोण वसूल करतो?

चि. … हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘टिगाना’ या कादंबरीच्या परीक्षणाचे तुझे तिन्ही खर्डे वाचले. पहिल्यात तू तिच्यातल्या जेत्या राजाला, ब्रँडिनला, जुलमी ठरवले आहेस, दुसऱ्यात तो आवडल्याचे कबूल केले आहेस, आणि तिसऱ्यात, जेत्यावर वाचकाचा जीव जडावा अशी कादंबरी लिहिणे हा लेखकाचा दोष की वाचकाचा, या प्रश्नावर दीड पान खर्च करून पुस्तक बाजूलाच ठेवले आहेस. सोबतच्या पत्रात विचारतेस की जी भूमी नकाशावरच नाही, तिच्या पारतंत्र्याविषयी निवाडा देण्याचा आपल्याला अधिकार काय? पुस्तक शेवटपर्यंत वाचलेस, तेवढा अधिकार पुरे आहे. त्यावर मी आणखी शाई घालवणार नाही आणि तूही घालवू नकोस.

ब्रँडिन आवडावा, अशीच गाय गॅव्हरिएल के यांची योजना आहे. 1990 साली आलेल्या या कादंबरीत जेता सुसंस्कृत आहे, संगीताचा जाणकार आहे आणि पुत्रशोकाने पोळलेला आहे. डेझा नदीवरच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला, म्हणून त्याने टिगाना या प्रांताचे नावच जगातून पुसले. तिथे जन्मलेल्यांखेरीज कोणालाही ते नाव ऐकू येत नाही, आणि ती पिढी मेली की ते कायमचे जाणार आहे. ही कल्पना थोर आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण तू तिन्ही खर्ड्यांत त्या कल्पनेभोवती आणि त्या राजाभोवतीच फिरत राहिली आहेस, आणि म्हणून अडकली आहेस. राजा आवडला की नावडला, हे परीक्षणाचे काम नव्हे.

जिंकलेल्या देशाची कोणतीही कादंबरी हाती आली, मग तो देश खरा असो की कल्पित, की आधी एवढेच शोधावे: तिथला सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, कोण वसूल करतो? राजा वसूल करीत नाही, सेनापतीही करीत नाही. सुगीनंतर दारात येऊन उभा राहतो तो माणूस कोण, तो कोणाच्या भाषेत बोलतो, वही कोण लिहितो, आणि दिवस मावळल्यावर तो कोणत्या घरी जेवायला बसतो? जगातल्या कोणत्याही जेत्याजवळ देश जिंकण्यापुरती माणसे असतात, चालवण्यापुरती नसतात. चालवणारी माणसे त्याच मातीतली असतात. ती का तयार झाली, त्यांना काय मिळाले आणि शेजाऱ्यांनी त्यांच्याशी सोयरिकी केल्या की मोडल्या, एवढे ज्या कादंबरीत सापडते ती पारतंत्र्याची कादंबरी. बाकीच्या लढायांच्या कादंबऱ्या. त्याही वाचाव्यात, पण त्यांना त्यांच्या नावाने ओळखावे.

हे मी बाहेरच्या पुस्तकांतून शिकलो नाही. आपल्या दख्खनच्या इतिहासाचे कोणतेही पान उघड. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात महसुलाचे दप्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले आणि ते इथल्या लेखणीवाल्यांच्या हाती दिले. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे सारे सुलतान बदलला तरी आपापल्या वतनावर होते. नवा धनी आला की जुनी सनद नव्याने करून घ्यायची, एवढाच फरक. 1659 साली अफजलखान आला तेव्हा मावळातल्या देशमुखांच्या हाती आदिलशाही फर्माने पडली. कान्होजी जेधे आपले फर्मान आणि आपले पुत्र घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले; खंडोजी खोपडे खानाकडे गेले. आपल्या कादंबरीकारांनी पहिल्या माणसावर भरभरून लिहिले. दुसऱ्याला मात्र त्यांनी दोन ओळींत फितूर म्हणून निकालात काढले. अगं, पण त्या आठवड्यात खोपड्यांच्या वाड्यात काय बोलणे झाले असेल? बादशाही फौज मोठी, वतन पिढ्यांचे, आणि समोर एक तरुण राजा, ज्याचे पुढे काय होणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. शेवट ठाऊक असलेल्या लेखकाला ती रात्र लिहिता येत नाही, आणि शेवट ठाऊक असलेला परीक्षक ती मागतही नाही. तू मागावीस, म्हणून हे पत्र.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची 1958 सालची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ तू महाविद्यालयात वाचली असशील, आणि तिथे ती ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ अशा शीर्षकाखाली शिकवली गेली असेल. ती पुन्हा काढ आणि शेवटाकडचा दंडाचा प्रसंग वाच. उमुओफिया या गावाच्या सहा प्रमुखांना गोरा जिल्हाधिकारी गोड बोलून कचेरीत बोलावतो, बेड्या घालतो आणि कवड्यांच्या दोनशे पोत्यांचा दंड ठोठावतो. त्याचे काम तिथे संपते. मग कोर्टाचे शिपाई त्या सहा जणांची डोकी भादरतात, त्यांना उपाशी ठेवतात आणि गावात जाऊन दंड सांगतात तो अडीचशे पोत्यांचा. वरची पन्नास पोती त्यांची. हे शिपाई काळेच आहेत, परगावचे आहेत, त्यांच्या राखी चड्ड्यांवरून गावाने त्यांना टोपणनाव ठेवले आहे, आणि साहेबाला त्या पन्नास पोत्यांचा पत्ताही नाही. अचेबे यावर भाष्य करीत नाहीत. दोनशे आणि अडीचशे हे दोन आकडे ते सांगून जातात, आणि साम्राज्य कशावर उभे असते ते तेवढ्यात कळते. ज्या परीक्षकाच्या नजरेतून ही पन्नास पोती सुटली, त्याने नायक ओकोंक्वोच्या शोकांतिकेवर कितीही सुंदर लिहिले तरी त्याने अर्धेच पुस्तक वाचले, असे मी समजतो.

अद्भुतकथेत हा प्रश्न लागू पडत नाही, असे तुझ्या मनात येईल. तिथे मांत्रिक आहेत, शाप आहेत, मग कारकुनाची गरज काय? मला वाटते तिथेच तो अधिक कडकपणे विचारावा. जादूने नाव पुसता येते. धान्य मोजून घेता येत नाही. ज्या लेखकाला हे कळते तो कल्पित देशालाही हाडामांसाचा करतो. सेथ डिकिन्सन यांची 2015 साली आलेली ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’ मिळवून वाच. तिच्यात जादू जवळजवळ नाहीच. टारानोके नावाच्या बेटावर परकी सत्ता येते ती व्यापार, कागदी चलन आणि शाळा घेऊन. बारूच्या दोन वडिलांपैकी एक नाहीसा होतो आणि ती मुलगी त्याच सत्तेच्या शाळेत शिकून, परीक्षा देऊन, दुसऱ्या एका जिंकलेल्या देशाची सरकारी हिशेबनीस होते. माझा प्रश्नच त्या लेखकाने नायिका करून ठेवला आहे! सारा कोण वसूल करतो? आपली नायिका करते, आणि आतून साम्राज्य पोखरायचे म्हणून करते, निदान स्वतःला तसे सांगते. बंडाच्या तयारीत असलेल्या लोकांचे कंबरडे ती तलवार न उपसता, चलनाचे मोल पाडून मोडते. पुस्तक थंड आहे, मधला भाग रेंगाळतो आणि सरदारांची नावे ध्यानात राहत नाहीत, हे सगळे खरे. तरीही वहीवर बसलेल्या माणसाची रात्रीची झोप कशी असते, हे मला अलीकडच्या फार थोड्या कादंबऱ्यांत सापडले.

आता या नजरेने ‘टिगाना’कडे परत जा. ब्रँडिनविषयीची तुझी घालमेल ज्या पात्राने आधीच भोगली आहे ती डायनोरा. ती टिगानाची मुलगी. त्याला मारण्यासाठी ती त्याच्या जनानखान्यात शिरते, त्याच्या प्रेमात पडते आणि प्रसंगी त्याचा जीवही वाचवते. बंडखोरांची गाणी, वेषांतरे आणि मसलती यांनी त्या जाड पुस्तकाची बहुतेक पाने व्यापली आहेत आणि ती रंजक आहेत; पण पारतंत्र्याचा खरा हिशेब चुकता होतो तो डायनोराच्या प्रकरणांत, कारण जेत्याच्या घरात राहून रोज उजाडल्यावर स्वतःला काहीतरी उत्तर देणारे माणूस तिथे आहे. तिच्याविषयी तू दुसऱ्या खर्ड्यात चार ओळी लिहिल्या आहेस आणि त्या तुझ्या सगळ्या लेखनात सर्वांत चांगल्या आहेत. तिसऱ्या खर्ड्यात त्या का काढल्यास? भावुक वाटतील म्हणून? पुढच्या वेळी भावुक वाटणारी वाक्ये मला विचारल्याशिवाय काढू नकोस.

या आग्रहाची किंमत मी मोजली आहे. माझ्या एका जुन्या कादंबरीकार स्नेह्याने स्वराज्यावर मोठी कादंबरी लिहिली. खिंडी, बुरूज, घोड्यांच्या जाती, सगळे त्याने हिंडून पाहिले होते. मी परीक्षणात लिहिले की या कादंबरीत प्रत्येक गडाचा किल्लेदार भेटतो, पण एकाही गावाचा कुलकर्णी भेटत नाही, आणि म्हणून परचक्र गेल्यावर गावाच्या जगण्यात काय बदलले ते कळत नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, आणि संपादकांनीही मला बरेच दिवस पुस्तके पाठवली नाहीत. त्याच्याकडच्या बैठका गेल्या, याची हळहळ मला आजही वाटते. तशी मैत्री पुन्हा झाली नाही. पण ते वाक्य मी आज लिहिले असते तर तसेच लिहिले असते. ‘तुम्ही स्वतः एक कादंबरी लिहून दाखवा’ असे मला अनेकांनी सुनावले. नाही लिहिली. कुलकर्ण्याची वही भरता येईल इतके त्या काळाचे ज्ञान आपल्याजवळ नाही हे ओळखून न लिहिणे, हा माझ्या मते वाङ्मयावर केलेला उपकारच आहे, आणि ज्यांनी ते न ओळखता लिहिले त्यांची नावे घेण्याचा मोह मी आवरतो.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे की ‘आपण मराठी माणसे जिंकल्या गेलेल्यांच्या बाजूची, म्हणून अशा कादंबऱ्या आपल्याला लगेच भिडतात.’ हे वाक्य छापायला देऊ नकोस. 1742 पासून जवळजवळ दशकभर नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. 1744 मध्ये त्या फौजांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भेटीला बोलावून मारले. 1751 च्या तहात बंगालच्या चौथाईपोटी सालाना 12 लाख रुपये ठरले. इतके आपल्या पुस्तकांत असते. बंगालमध्ये आया पोरांना निजवताना जे गाणे म्हणत आल्या आहेत, त्यात बाळ झोपते, पाडा शांत होतो आणि बर्गी देशात येतात. पुढे आई म्हणते, बुलबुलांनी धान खाऊन टाकले, आता सारा कशातून द्यायचा? बर्गी म्हणजे आपले बारगीर. त्या अंगाईतली आईसुद्धा माझाच प्रश्न विचारते, फक्त दाराच्या आतून, आणि तिच्या दारात उभे आहोत ते आपण. बंगालमधल्या त्या वर्षांवर मराठीत कोणी कादंबरी लिहिलीच, तर तिचे परीक्षण तू करावेस. आणि नायक भास्करपंत असले, त्यांचा घात मन हेलावणारा असला, तरी चौथाईचा रुपया कोणाच्या धान्यातून आला हे पानापानावर शोधावेस. गोव्यावरच्या कादंबऱ्यांनाही हेच. तिथे लेखक 1510 ची लढाई रंगवतो, पुढे देवळे पाडल्याची प्रकरणे रंगवतो, आणि 1526 साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे जुने रिवाज लिहून घेऊन, ते मान्य करून, त्याच कागदावर त्यांचा महसूल बांधून घेतला, ही गोष्ट त्याच्या गावीही नसते. तो कागद, म्हणजे ‘फोराल’, ज्या दिवशी गावात वाचला गेला असेल त्या दिवसाचे एक प्रकरण कोणी लिहिले, तर मी दहा लढाया माफ करीन.

हरिभाऊ आपट्यांचा ‘वज्राघात’ही या निमित्ताने चाळ. 1565 साली विजयनगर बुडाले, त्याची ही कादंबरी. जिंकल्याची नव्हे, हरल्याची ऐतिहासिक कादंबरी त्यांना लिहावीशी वाटली, हे मोठेपण आहे. मात्र राज्य बुडण्याचे कारण त्यांनी रामराजाच्या अंतःपुरात शोधले, दप्तरखान्यात नाही. त्या पिढीचे मला नवल वाटत नाही. तुझ्या पिढीने तसे केले तर मात्र वाटेल.

चौथा खर्डा लिहायला घे. ब्रँडिनविषयीची कबुली राहू दे, पण ती एका वाक्यात बसव. अधिकाराविषयीचे दीड पान सगळे काढ. कथानकाचा सारांश तू पहिल्या खर्ड्यात दोन पाने दिला आहेस, तो अर्ध्या पानावर आण. ज्यांना गोष्ट हवी आहे ते पुस्तक वाचतील. डायनोराच्या चार ओळींची दोन पाने कर आणि त्यांत ती काय खाते, कोणाशी बोलते, आपल्या गावाविषयी कोणाला काय खोटे सांगते, हे सगळे पुस्तकातूनच पृष्ठांकासह दे. संपादक जागा नाही म्हणून कात्री लावायला सांगतील. तेव्हा लढाई काप, शेवट काप, हवी तर लेखकाची ओळख काप. त्या दोन पानांना हात लावू देऊ नकोस, आणि त्यांनी फारच ताणले तर माझे नाव सांग. माझ्याविषयी त्यांचे मत वाईट आहेच, त्यात आणखी भर पडून काही बिघडत नाही.

तुझा,
जुना वाचक