सैनिक कोणती टॉर्च वापरतात? पूर्वीच्या आणि आताच्या टॉर्चमध्ये काय फरक आहे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सैनिकांच्या टॉर्च पूर्वी कशा होत्या आणि आता कशा आहेत, ही एक. आणि ऑनलाइन दिसणारी 'मिलिटरी ग्रेड, ५०,००० ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) टॉर्च ट्रेकसाठी घ्यावी का, ही दुसरी. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: घेऊ नका. मला जुन्या टॉर्च जमवायचा आणि उघडून बघायचा नाद आहे, त्यामुळे पहिल्याचं उत्तर जरा लांबणार आहे.

सैनिकाला टॉर्च कशाला लागते? नकाशा वाचायला, जखम बघायला, वायरलेसची तार जोडायला, अडकलेली काडतुसं काढायला, लांबच्या सहकाऱ्याला खूण करायला. खूण सोडली तर सगळी कामं हातभर अंतरावरची. अंधारात लांब झोत टाकून शत्रू शोधायला गेलात, तर तुम्हाला तो दिसायच्या आत त्याला तुम्ही दिसता. त्यामुळे लष्करी टॉर्च बनवणाऱ्यांनी शंभर वर्षं डोकं चालवलं ते उजेड कमी कसा करायचा, एकाच बाजूला कसा पाडायचा आणि कोणत्या रंगाचा ठेवायचा यावर. जाहिरातवाले नेमकं उलटं विकतात.

नळीत सेल आणि टोकाला बल्ब असलेल्या हातातल्या टॉर्चचं अमेरिकन पेटंट डेव्हिड मिसेल यांना १८९९ च्या जानेवारीत मिळालं. ते कॉनराड ह्युबर्ट यांच्या कंपनीसाठी काम करत. याच कंपनीतून पुढे एव्हरेडी हे नाव आलं, जे आपल्याकडे 'जीवनसाथी'मुळे घरोघर पोचलं. त्या पहिल्या टॉर्च सैन्याच्या कामाच्या नव्हत्याच. कार्बनची तार आणि अशक्त सेल, त्यामुळे क्षणभर लावायची आणि बंद करायची. टंगस्टनची तार आल्यावर चित्र बदललं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी 'ओरिलक्स' नावाची टॉर्च स्वतःच्या पैशाने घेत. चामड्याच्या पाकिटात बसवलेला हा चौकोनी दिवा कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. वर एक बटण असे. ते दाबून मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड चमकांच्या लिपीत, संदेश पाठवता येई. हात मोकळे राहतील असं अडकवायची सोय आणि मोर्सचं बटण, या दोन गोष्टी पुढची पन्नास-साठ वर्षं लष्करी टॉर्चमध्ये टिकल्या.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांकडे डायमॉन, पर्ट्रिक्स अशा चपट्या पत्र्याच्या टॉर्च होत्या. आत साडेचार व्होल्टची चपटी बॅटरी, मागे चामड्याची पट्टी. पट्टीला काज असे, म्हणजे टॉर्च थेट कोटाच्या गुंडीला लटकायची. पुढे सरकवायच्या खिट्ट्या होत्या. एक सरकवली की लाल काच, दुसरी सरकवली की हिरवी, काहींत निळी. रंग मुख्यतः खुणेसाठी.

अमेरिकनांनी टीएल-१२२ काढली. हिचा आकार तुम्ही चित्रांत नक्की पाहिला असेल: उभी नळी आणि वर काटकोनात वळलेलं डोकं. पट्ट्याला किंवा खिशाला क्लिप लावली की उजेड आपोआप समोर पडतो आणि दोन्ही हात मोकळे. आधी ती पितळेची होती, मग धातू वाचवायला प्लॅस्टिकची झाली. शेवटच्या 'डी' आवृत्तीत तळाच्या झाकणात रंगीत काचा ठेवायची सोय आली. आत दोन मोठे सेल. हे सेल उष्ण आणि दमट हवेत टिकत नसत. पॅसिफिकच्या बेटांवर पोचेपर्यंत साठवणीतच ते मान टाकत. सॅम्युएल रुबेन यांचा पाऱ्याचा सेल याच काळात आला, तो लष्करी उपकरणांची हीच अडचण सोडवण्यासाठी. मॅलरी कंपनीने तो बनवला, आणि ही कंपनी म्हणजे आजच्या ड्युरासेलचं मूळ.

जपान्यांनी तर सेललाच फाटा दिला. त्यांच्या किनाऱ्यावर 'उमिहोतारु' नावाचा तिळाएवढा कवचधारी जीव सापडतो, समुद्रातला काजवाच म्हणा. तो वाळवून त्याची पूड केली आणि तळहातावर थोडी घेऊन पाण्याचा थेंब टाकला की निळसर उजेड पडतो. जपानी सैन्याने हे जीव गोळा करून वाळवून घेतले होते, रात्री नकाशा किंवा संदेश वाचण्यापुरता उजेड मिळावा म्हणून. लष्कराला किती कमी उजेड पुरतो, हे यावरून लक्षात येईल.

खुणेच्या कामाचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फ्रान्समधलं आहे. जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये ब्रिटिश हेर उतरवायला लायसँडर नावाची छोटी विमानं चांदण्या रात्री जात. धावपट्टी म्हणजे शेत किंवा कुरण आणि तिच्यावरचे दिवे म्हणजे तीन साध्या हातातल्या टॉर्च, काठ्यांना बांधलेल्या. पहिली काठी जिथे विमान टेकवायचं तिथे. तिथून वारा जिकडून येतो त्या बाजूला १५० यार्डांवर दुसरी. दुसरीच्या उजवीकडे ५० यार्डांवर तिसरी. उलट्या 'एल'चा आकार. खाली उभा असलेला माणूस टॉर्चने ठरलेलं मोर्स अक्षर दाखवी. अक्षर चुकलं तर वैमानिकाने न उतरता परत जायचं. विमान पहिल्या दिव्याशी टेकायचं, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधून वळून परत पहिल्याशी यायचं, माणसं चढ-उतार करायची आणि काही मिनिटांत पुन्हा हवेत. नूर इनायत खान १९४३ च्या जूनमध्ये १६ आणि १७ तारखेच्या मधल्या रात्री अशाच लायसँडरने फ्रान्समध्ये उतरल्या. त्यांचे वडील इनायत खान बडोद्याचे, गायकवाडांच्या दरबारी असलेल्या संगीतकारांच्या घराण्यातले. आज खिशातल्या फोनचा दिवासुद्धा त्या टॉर्चपेक्षा प्रखर असतो.

व्हिएतनामच्या काळात टीएल-१२२ ची वारसदार आली: एमएक्स-९९१/यू. तोच काटकोन, शेवाळी हिरवं प्लॅस्टिक, दोन मोठे सेल. बटणाला दोन्ही बाजूंनी कड असते, म्हणजे पोत्यात दाबली जाऊन आपोआप लागत नाही. मोर्ससाठी वेगळं बटण. तळाच्या झाकणात जादा बल्ब आणि रंगीत काचा. माझ्याकडे हिचा एक नग आहे, अमेरिकेतल्या मावसभावाने जुन्या लष्करी मालाच्या दुकानातून आणलेला. मूळ बल्बचा उजेड आजच्या मापाने दहाच्या आसपास ल्युमेन. हीच टॉर्च घेऊन अमेरिकन 'टनेल रॅट' कू चीच्या बोगद्यांत शिरत, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पिस्तूल. दिवा लावला नाही तर सापळा दिसत नाही, लावला तर समोरच्याला नेम धरायला जागा मिळते. यावर तोडगा म्हणून १९६६ मध्ये खास संच पाठवला गेला: आवाज दाबणारी नळी लावलेलं रिव्हॉल्वर आणि तोंडाने चालू-बंद करायचा डोक्यावरचा दिवा. सैनिकांना तो रुचला नाही. काटकोनी टॉर्चच टिकली.

आता लाल काचेबद्दल, कारण यावर सगळ्यात जास्त अर्धवट माहिती फिरते. डोळ्यात मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी असतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडाने विघटित होतं आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. एकदा पांढरा दिवा डोळ्यावर आला की तेवढा वेळ गेला. पण या पेशींना गडद लाल रंग जवळजवळ कळत नाही. म्हणून लाल उजेडात नकाशा वाचला तर अंधाराला सरावलेले डोळे बऱ्यापैकी तसेच राहतात. दुसऱ्या महायुद्धात रात्रीचे वैमानिक उड्डाणाआधी लाल चष्मे लावून बसत ते यासाठीच. अट एकच, लाल उजेडही मंद हवा. प्रखर लाल टॉर्च डोळ्यावर मारली तर फायदा फारसा उरत नाही. आणि लाल उजेड शत्रूला दिसत नाही हे तर साफ खोटं. साध्या डोळ्यालाही तो अंधारात लांबून दिसतो.

लालची दुसरी भानगड ट्रेकवाल्यांनी घरी करून पाहावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट घ्या, खोली अंधारी करा आणि लाल दिवा लावा. गावं आणि रस्ते लाल शाईत छापलेले, ते गायब. समोच्च रेषा तपकिरी, त्याही फिकट होतात. म्हणजे चढ कुठे आणि वाट कुठे हेच दिसेनासं होतं! अमेरिकन सैन्याने यावर उपाय म्हणून नकाशांच्या शाईच बदलल्या, लाल उजेडातही वाचता येतील अशा. आपल्याकडे शाई बदलायचं काम आपल्या हातात नाही, त्यामुळे नकाशा बघायला अगदी मंद पांढरा किंवा हिरवा उजेड बरा.

ब्रिटिशांनी नकाशासाठी आणखी एक शांत उपाय केला होता: बीटालाइट. काचेच्या नळीत ट्रिटियम वायू, आतून चमकणारा लेप. सेल नाही, बटण नाही, वर्षानुवर्षं आपोआप मिणमिणत राहतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात उजेड निम्म्याच्या आसपास येतो. नकाशावर जवळजवळ टेकवूनच वाचायचं.

मग रात्री दिसायची दुर्बीण आली आणि लाल रंगाचं महत्त्व उलटंपालटं झालं. या दुर्बिणी लाल आणि त्यापलीकडच्या अवरक्त उजेडाला फार संवेदनशील असतात. उघड्या डोळ्याला मिणमिणता वाटणारा लाल दिवा दुर्बिणीतून लखलखीत दिसतो. म्हणून लष्करी विमानांच्या कॉकपिटमधले लाल दिवे जाऊन निळसर हिरवे आले. जमिनीवरच्या सैनिकांच्या टॉर्चमध्येही निळा-हिरवा रंग वाढला आणि सोबत अवरक्त दिवा आला, जो फक्त दुर्बीणवाल्यालाच दिसतो. समोरच्याकडे दुर्बीण नाही तोवर ही मोठी चैन. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंना रात्रीच्या दुर्बिणी आहेत आणि वर कॅमेरेवाले ड्रोन फिरताहेत. तिथे अवरक्त दिवा लावणं म्हणजे हात वर करून उभं राहण्यासारखं आहे.

प्रखर पांढरा उजेड सैन्यात वापरतच नाहीत असं मात्र नाही. घरात शिरताना तो लागतो. १९८० च्या मे महिन्यात लंडनच्या इराणी वकिलातीवर एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाने कारवाई केली तेव्हाच्या छायाचित्रांत सबमशीनगनवर बांधलेल्या जाड टॉर्च दिसतात. पुढे शुअरफायरसारख्या कंपन्यांनी शस्त्रावर बसणारे छोटे दिवे काढले. सीआर-१२३ लिथियम सेलमुळे हे शक्य झालं, कारण ते छोटे असून दहा वर्षं साठवणीत टिकतात. २००४ मध्ये इराकमधल्या फल्लुजात घरोघर लढाई झाली, तशा लढाईत हे दिवे क्षणभर लावायचे, समोरचा माणूस कोण आणि हातात काय आहे ते बघायचं, बंद करून जागा बदलायची.

उघड्या डोंगरावर नियम वेगळा. कारगिलमध्ये टोलोलिंग आणि टायगर हिलवरचे हल्ले रात्री झाले, कारण वर बसलेल्याला दिवसा उघडा उतार पूर्ण दिसत होता. अशा चढाईत टॉर्चची खरी जागा खिशात.

आजची नमुनेदार टॉर्च बघायची असेल तर स्ट्रीमलाइटची साइडवाइंडर बघा. पुन्हा तोच काटकोन, पण मुठीत मावणारी, डोकं फिरणारं. हेल्मेटला किंवा छातीवरच्या पट्ट्याला अडकते. आत पांढरा, लाल, निळा आणि अवरक्त असे वेगवेगळे एलईडी. रंग बदलायची कळ आधी बाहेर ओढावी लागते, म्हणजे अंधारात चुकून पांढरा लागत नाही. उजेड सगळ्यात कमी पायरीवर सुरू होतो आणि मग हवा तर वाढवायचा. माझ्या मते या टॉर्चमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. ती साध्या पेन्सिल सेलवरही चालते, त्यामुळे कुठेही सेल मिळतात.

आता तुमची खरेदी. 'मिलिटरी ग्रेड' या शब्दांना ठराविक अर्थ नाही. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकन चाचण्यांची पद्धत आहे. त्यातली कोणती चाचणी केली हे सांगितलं नसेल तर नुसत्या नावाला किंमत शून्य. ५०,००० ल्युमेनचा आकडा एका सेलच्या टॉर्चमधून निघणं शक्यच नाही. चांगल्या १८६५० सेलची (हा पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) टॉर्च हजार-दीड हजार ल्युमेन देते, तेही काही मिनिटंच, मग गरम होऊन आपोआप मंदावते.

रात्रीच्या चढाईला डोक्यावरची टॉर्च घ्या, जिची सगळ्यात मंद पायरी पाच ल्युमेनच्या आत असेल आणि जी सुरूच मंद होईल. लाल दिवा असल्यास उत्तम, पण पांढऱ्यातून न जाता थेट लागणारा हवा. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये लालवर जायला आधी पांढरा डोळ्यावर घ्यावा लागतो. हिमालयात जाणार असाल तर लिथियम पेन्सिल सेल न्या, अल्कलाइन थंडीत लवकर बसतात. आणि हौस म्हणून जुनी एमएक्स-९९१ मिळाली तर जरूर घ्या, फक्त सेल आत ठेवून कपाटात टाकू नका, गळून पत्र्या खातात. एलईडी बल्ब बसवलात तर लाल काचेतून उजेड फारच थोडा येतो, कारण पांढऱ्या एलईडीत लाल भाग मुळातच कमी असतो. तंबूत वाचण्यापुरता तो पुरतो.