वाचकांचे प्रश्न : पिटकेर्न बेटावरची शाळा

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. पॅसिफिक महासागरातील पिटकेर्न बेटावर जेमतेम पन्नास माणसे राहतात आणि तरीही तेथे शाळा आहे, असे वाचनात आले. एवढ्या लहान वस्तीत शाळा चालते कशी? आणि शिकलेली मुले बेट सोडून जाणारच असतील, तर शाळाच बेट रिकामे करते, असे म्हणावे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नातील शंका मला पटत नाही, आणि त्याचे कारण या बेटाच्या इतिहासात आहे.

‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड करणारे खलाशी आणि त्यांच्यासोबतचे पॅसिफिकमधील ताहिती बेटाकडील स्त्री-पुरुष १७९० मध्ये येथे उतरले. आपसांतील खून आणि आजार यांमुळे १८०० सालानंतर तेथे आलेल्या पुरुषांपैकी एकटा जॉन अ‍ॅडम्स जिवंत होता. मुळात त्याला धड वाचता येत नव्हते. एडवर्ड यंग या सोबत्याने मृत्यूपूर्वी त्याला वाचायला शिकवले होते, आणि त्या शिदोरीवर, जहाजावरचे बायबल हाती घेऊन, अ‍ॅडम्सने बेटावरच्या मुलांना अक्षरओळख करून दिली. १८२३ मध्ये देवमाशांच्या शिकारीवर निघालेले एक जहाज बेटाशी थांबले, तेव्हा मुलांना शिकवण्यासाठी कोणीतरी मागे राहावे, अशी विनंती त्याने केली. त्याप्रमाणे जॉन बफेट नावाचा खलाशी राहिला आणि मास्तर झाला. अन्नधान्य किंवा हत्यारे यांच्याबरोबरीने शिक्षक मागणारी वस्ती मला तरी दुसरी माहीत नाही.

पुढे १८३८ मध्ये ब्रिटिश आरमाराचा कप्तान रसेल एलियट याने बेटासाठी लहानशी कायदेसंहिता लिहून दिली. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या याच संहितेत सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली होती. फी दर मुलामागे महिना एक शिलिंग होती. मूल शाळेत येवो वा न येवो, ती द्यावीच लागे. मात्र बेटावर रोख पैसा जवळजवळ नसल्यामुळे कोनफळे, रताळी, बटाटे, केळी किंवा अंगमेहनत या रूपांतही ती चालत असे. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण गरिबीची सबब तिने उरू दिली नाही आणि मास्तरांच्या पोटाचीही सोय केली.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. १९४८ पासून न्यूझीलंडमधील प्रशिक्षित शिक्षक ठरावीक मुदतीसाठी येथे येत आले आणि तिकडचाच अभ्यासक्रम शिकवत आले. वेगवेगळ्या वयांची मुले एकाच वर्गात बसत, आणि अठराव्या शतकातील इंग्रजी व ताहितीयन यांच्या मिश्रणातून झालेली पिटकेर्न बोली घरी बोलणारी मुले शाळेत इंग्रजीतून शिकत. बेटाचे मासिक वार्तापत्र १९५९ मध्ये या शाळेतूनच सुरू झाले. बेटावर विमानतळ नाही. फ्रेंच पॉलिनेशियातील मंगारेवा बेटावरून जहाजाने येण्यास दीड-दोन दिवस लागतात, त्यामुळे वह्या-पुस्तके आणि खुद्द शिक्षक या सर्वांचे वेळापत्रक जहाजावर अवलंबून असते.

अडचण माध्यमिक शिक्षणाची आहे. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांसाठी विषयवार शिक्षक आणि प्रयोगशाळा ठेवणे शक्य नसते. पत्राद्वारे शिक्षणाची सोय झाली, तरी तेरा-चौदा वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना पाच हजारांहून अधिक किलोमीटर दूर न्यूझीलंडला जावे लागते, आणि त्यांतील थोडीच कायमची परततात. आई-वडिलांच्या दृष्टीने ही ताटातूट किती कठीण असेल, हे आपल्यासारख्या शिक्षकाला मी सांगायला नको. तरीही दोष शाळेचा नव्हे. १९३७ मध्ये २३३ पर्यंत गेलेली लोकसंख्या ओसरली ती मुख्यतः रोजगार आणि दळणवळण यांच्या अभावामुळे. शाळा बंद केली असती, तर मुलांबरोबर त्यांचे आई-वडीलही गेले असते.

उलट उदाहरणही आहे. १८५६ मध्ये सगळे बेटकरी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफॉक बेटावर हलवले गेले होते. काही कुटुंबे १८५९ मध्ये पिटकेर्नला परतली, पण तेथे शिकवणारे कोणी नव्हते. १८६४ मध्ये सायमन यंग आपल्या मोठ्या कुटुंबासह तेथे परतला, तो मुख्यतः या मुलांच्या शिक्षणाच्या काळजीने. त्याने अनेक वर्षे शाळा चालवली. त्याची मुलगी रोझलिंड हिनेही त्या शाळेत शिकवले, आणि पुढे बेटाचा इतिहास तिनेच लिहिला.