इस्ट्रोजेन, डीएनएचं नुकसान आणि भाज्या: डीआयएमच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

ताई, आईला स्तनाचा कर्करोग झालाय, टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचं काम रोखणारं औषध) चालू आहे, आणि 'इस्ट्रोजेनमुळे डीएनए बिघडतो, भाज्यांतल्या घटकांनी तो सुधारतो' असं वाचून तुम्ही दोघींसाठी डीआयएमच्या (कोबीवर्गातल्या भाज्यांपासून मिळणाऱ्या एका घटकाच्या) कॅप्सूल मागवताय, असं लिहिलंत. आधी महत्त्वाचं सांगते. आईच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्यांना ही कॅप्सूल देऊ नका. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांमध्ये डीआयएमची चाचणी झाली आहे. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात एन्डॉक्सिफेन बनतं आणि खरं काम बरंचसं तेच करतं. त्या चाचणीत डीआयएम घेणाऱ्यांच्या रक्तात तेच कमी झालेलं दिसलं. हात आखडता घ्यायला मला एवढं कारण पुरतं.

आता मूळ मुद्दा. मी बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पेशींना वाढायला लावतं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या नुकसानीची दुसरी वाट मात्र फारशी कुणी सांगत नाही. शरीर इस्ट्रोजेनचा निचरा करताना त्याच्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवतं. तो दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर बसला तर धोका कमी. चौथ्यावर बसला (हे सीवायपी१बी१ नावाचं एन्झाइम करतं, आणि ते स्तनाच्या पेशींतही असतं) तर पुढे त्याचं क्विनोन, म्हणजे डीएनएवर हल्ला करणारं रूप, होऊ शकतं. हे क्विनोन डीएनएच्या चार अक्षरांपैकी अ‍ॅडेनीनला किंवा ग्वानीनला चिकटतं आणि ते अक्षर साखळीतून गळून पडतं. ओळीतलं एक अक्षर पुसलं जावं तसं. दुरुस्ती करताना पेशीने त्या रिकाम्या जागी चुकीचं अक्षर भरलं, की झालं उत्परिवर्तन. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या एर्कोल कॅव्हेलिएरी आणि एलिनॉर रोगन यांनी या वाटेवर कित्येक वर्षं काम केलं. गळालेले तुकडे लघवीत उतरतात, त्यामुळे ते मोजता येतात.

पेशी यापुढे हतबल नसते. सीओएमटी हे एन्झाइम त्या घातक टप्प्याआधीच रेणूवर मिथाइलचं टोपण बसवतं. त्यातूनही क्विनोन झालंच, तर एनक्यूओ१ त्याला परत मागच्या रूपात आणतं किंवा ग्लुटाथायोन हा पेशीतलाच रेणू त्याला पकडून बाहेर काढतं. भाज्यांचा संबंध येतो तो इथे. गळालेलं अक्षर भाजी परत बसवत नाही. ते गळू नये म्हणून हे जे पहारेकरी आहेत, त्यांना ती बळ देऊ शकते.

ब्रोकोलीतलं सल्फोराफेन पॉल तलाले यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये वेगळं केलं. पेशीत एनआरएफ२ नावाचं प्रथिन असतं आणि कीप१ त्याला एरवी धरून ठेवतं. सल्फोराफेन ही पकड सैल करतं, एनआरएफ२ केंद्रकात जातं आणि एनक्यूओ१सारख्या एन्झाइमांची जनुकं चालू करतं. सीओएमटीला लागणारा मिथाइल गट पुरवत राहायला फोलेट लागतं, आणि ते पालेभाज्यांत आणि डाळींत भरपूर असतं. कोबीवर्गातल्या इंडोल-३-कार्बिनॉलचं पोटातल्या आम्लात डीआयएम होतं आणि ते इस्ट्रोजेनला दुसऱ्या कार्बनच्या वाटेकडे वळवतं. कॅप्सूलची कल्पना इथूनच आली.

स्वयंपाकातली एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण इथेच बरंचसं वाया जातं. ब्रोकोलीत सल्फोराफेन तयार नसतं. सुरी फिरली की पेशी फुटतात, मायरोसिनेज हे एन्झाइम ग्लुकोराफॅनिन या कच्च्या मालाला भेटतं आणि मग ते बनतं. चिरल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकली तर एन्झाइम मरतं आणि काम अर्धवट राहतं. म्हणून बारीक चिरून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, मग थोडा वेळच वाफवा. गोठवलेली ब्रोकोली बहुधा आधीच उकळत्या पाण्यातून काढलेली असते. तिच्यावर शिजल्यानंतर चिमूटभर मोहरीची पूड टाकली तर एन्झाइम त्यातून मिळतं.

फळांची बाजू साधी आहे. यकृत इस्ट्रोजेन बांधून पित्तातून आतड्यात पाठवतं, तिथले काही जिवाणू ती गाठ सोडवतात आणि ते पुन्हा रक्तात जातं. तंतुमय पदार्थ पोटात असले की हा परतीचा प्रवास कमी होतो. त्यामुळे रस गाळून पिण्यापेक्षा फळ चावून खा.

आता पुराव्याचं वजन. यातलं बरंचसं पेशींवर आणि प्राण्यांवर दिसलेलं आहे. माणसांचं पाहायचं तर २०१३ मध्ये २० दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली गेली. भाज्या जास्त खाणाऱ्या बायकांत इस्ट्रोजेन-रिसेप्टर (इस्ट्रोजेनला पकडणारं पेशीतलं प्रथिन) नसलेला स्तनाचा कर्करोग कमी आढळला, पण रिसेप्टर असलेल्या प्रकारात तसा फरक दिसला नाही. वरच्या नुकसानीला रिसेप्टर लागत नाही, म्हणून ही जोडी जुळवायचा मोह मलाही होतो. पण त्या अभ्यासाने डीएनएचे गळालेले तुकडे मोजले नव्हते.

आणि भाजीतला एकच घटक काढून गोळीत भरला की फायदाही तसाच मिळेल, असं मुळीच धरून चालू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांतच फुप्फुसाचा कर्करोग जास्त निघाला.

तुमच्या स्वतःसाठीही मी कॅप्सूल सुचवणार नाही, ताटातली भाजी वाढवा. आईंना भाज्या-फळं खुशाल द्या. फक्त त्या रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील, तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा हिशेब बिघडतो. पुढच्या तपासणीला जाताना कॅप्सूलच्या डबीवरच्या लेबलचा फोटो सोबत न्या आणि डॉक्टरांना नेमकं विचारा: 'टॅमॉक्सिफेनबरोबर हे चालेल का?' ते काय म्हणाले, ते इथे नक्की कळवा.