रेगेक्स की हाताने लिहिलेला पार्सर?
अरे पत्त्यातून पिनकोडच काढायचाय ना, मग रेगेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं छोटं सूत्र) वापर, सहा आकडे, पहिला शून्य नाही, कोथरूडचा ४११०३८ एका ओळीत सापडतो, उगाच मजकुराची रचना उलगडणारा पार्सर बिर्सर लिहीत बसू नकोस. पण तुझ्या त्या पगाराच्या फॉर्म्युल्यात कंसात कंस आहेत, तिथे साधा रेगेक्स अडकणारच, किती कंस उघडलेत हे त्याला लक्षात ठेवता येत नाही. तिथे सरळ रिकर्सिव्ह डिसेंट, म्हणजे एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांचा हाताने लिहिलेला पार्सर: बेरजेचं फंक्शन गुणाकाराच्याला बोलावतं, ते आकडा किंवा कंस वाचणाऱ्याला, आणि कंस दिसला की परत बेरजेचं. टोकन (आकडे, चिन्हं असे सुटे तुकडे) पाडायला रेगेक्स खुशाल ठेव. हाताने लिहिणं काहींना कमीपणाचं वाटतं (हिंजवडीत भरपूर भेटतील), पण जीसीसी या कंपायलरनेही २००४ मध्ये सी प्लस प्लससाठी बायसन हे पार्सर आपोआप बनवणारं टूल सोडून हेच केलं. आणि एररमध्ये कितव्या अक्षरावर गडबड आहे ते आत्ताच घाल, नंतर कंटाळा येतो.